मरियेचं माहेर कुठं?

सुजाताचा फोन आला आणि जुन्नरला जायचं ठरलं. सुजाता माझी नात. वर्षापूर्वी तिनं जुन्नरच्या ख्रिस्ती पोराशी लग्न केलं, आणि माझ्या लेकानं, बाळूनं, तिला घराचं दार बंद केलं. आता तिला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठव्यात आमच्याकडं पोरगी हलवत नाहीत. "आजी, चर्चमध्ये देशोदेशीची नाताळची चित्रं लावलीत, बघायला ये," म्हणाली. एवढ्यासाठी कुणी म्हातारीला बोलावतं होय!

बाळू म्हणाला, "आपण छप्पन साली बुद्धाकडं आलो. ही तिकडं निघाली. तू कशाला जातीस?"

"तुझा बाप आला तवा आईला इचारून आला व्हता काय?" म्हटलं आणि स्टँड गाठला.

आमच्या पारगावहून निघणार असाल तर डिसेंबरात लवकर निघा. कारखाना चालू असतो, उसाच्या बैलगाड्या पुढं लागल्या की एसटी वरातीसारखी चालते. मंचरला गाडी बदला, नारायणगावला पुन्हा बदला. म्हाताऱ्यांना तिकीट अर्धं, धक्के पूर्ण. नारायणगावात मिसळ खा, पण पाव दाबून बघा. मी दाबला तर हॉटेलवाला म्हणतो, "आजी, पाव हाय, वांगं न्हाई."

"वांगं असतं तर शिजलं तरी असतं."

गुडघे धड असतील तर लेण्याद्रीही करा. तिथं आमच्या भिक्खूंच्या लेण्यात गणपती बसलाय, आणि दोघं भांडल्याचं मी ऐकलं नाही.

जुन्नरला पोचले तशी सुजाता आणि तिचा नवरा मला चित्रं बघायला चर्चशेजारच्या खोलीत घेऊन गेले. तिथली रीत अशी की चित्रासमोर गप्प बसायचं, मग ज्याला जे दिसलं ते त्यानं बोलायचं. हीच प्रार्थना. विहारात आम्ही डोळे मिटतो, इथं उघडे ठेवायचे. मला ते जमण्यासारखं होतं.

आफ्रिकेची मरिया काळीभोर, गोल झोपडीत बसलेली. जपानची किमोनोत. एका डोंगरी देशातल्या बाळाला लोकरीची टोपी, शेजारी लांब मानेचं मेंढरासारखं जनावर. ज्यानं त्यानं बाळ आपल्या रंगाचं केलेलं.

"खरं कसं व्हतं?" चित्रं दाखवणाऱ्या सिस्टरला मी विचारलं.

"आपल्यापैकी कुणी पाहिलंय, आजी?"

"बरं झालं. पाहिलं असतं तर भांडले असते."

माझी पाळी आली तेव्हा समोरच्या चित्रात पोटुशी मरिया गाढवावर बसलेली आणि एक दाढीवाला गाढव ओढत चाललेला. म्हटलं, "पोरीचा बाप लई दमलाय. पण भला माणूस, बाळंतपणाला न्यायला आला."

सगळे हसले. सिस्टर म्हणाली, "आजी, तो बाप नाही. योसेफ, तिचा नवरा."

"एवढा दाढीवाला? मंग तिची आई कुठाय? पहिलटकरीण माहेरी का न्हाई?"

"सरकारी मोजणीत नाव नोंदवायला त्यांना योसेफच्या मूळ गावी जावं लागलं. तिथं जागा मिळाली नाही."

"नवऱ्याच्याच गावात? भाऊबंद कुठं मेले व्हते?"

सिस्टरला हसू आवरेना. मी मात्र उठून एकेक चित्र बघत फिरले. एका जुन्या चित्रात मरिया आडवी पडलेली, दोन बाया बाळाला न्हाऊ घालत होत्या. वाटलं, सापडली आई! तर त्या सुईणी निघाल्या.

मग सुजाताची पाळी. चित्राकडं बघतच ती म्हणाली, "मलाबी आई दिसत न्हाई."

मी तिथंच म्हटलं, "चल, कपडे भर."

तिचा नवरा घाबरला. "आजी, सासरे घरात घेतील का?"

"न्हाई घेतलं तर आमी दोघी वट्यावर बसू. गावाला त्यो लाजतो, मी न्हाई."

परत येताना जीप केली. पोटुशी बरोबर असेल तर एसटीची मागची सीट टाळा.

बाळू ओट्यावरच होता. आम्हाला बघून त्यानं मान फिरवली. तेवढ्यात सुजाताची आई, माझी सून, आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आली आणि पोरीवरून ओवाळू लागली.

"ह्या रीती सोडल्यात आपण," बाळू ओरडला.

"रीती सोडल्या. पोर न्हाई सोडली मी," सून म्हणाली. वर्षभर या विषयावर तिनं तोंड उघडलं नव्हतं.  बाळू उठला आणि सुजाताची पिशवी आत घेऊन गेला.

सुजाताला पोरगी झाली. ती बुद्धाच्या घरची की येशूच्या, यावर दोन्हीकडची माणसं वाद घालतात. मी म्हणते, आधी दात येऊ द्या. बाळू या वादात पडत नाही. ती त्याच्या मांडीवर झोपलेली असते, आणि मोठ्यानं बोललं की जागी होते.