चौतीस शॉर्टकट आणि आबांचा आवाज

"कार्ड आहे म्हणजे पुस्तक आहे, असं समजू नकोस गं." साताऱ्याच्या आमच्या कॉलेजमधल्या लायब्ररीच्या बाई मला हे म्हणाल्या, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये पुस्तकाचं कार्ड होतं, शेल्फवर पुस्तक नव्हतं, आणि मी ते कार्ड नाचवत त्यांच्याशी भांडत होते.

गेल्या शनिवारी ते वाक्य इतक्या वर्षांनी आठवलं. आणि इतका संताप आला की सायकलवरून घरी येताना इथे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नमध्ये, स्वतःच्याच गावात, वळण चुकले...

आमची मराठी शाळा दर शनिवारी भरते, दोन भाड्याच्या वर्गांत. मुलांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डचमध्ये. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की प्रत्येक मुलाने व्हिडिओ कॉलवर आपल्या आजीला किंवा आजोबांना पाच प्रश्न विचारायचे, मराठीतच. ते बोलणं शाळेच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं. अशी चौतीस रेकॉर्डिंग्ज जमली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन लायब्ररीत ती मीच लावली, आणि लॅपटॉपवरची पुसून टाकली. लायडनच्या लॅबमध्ये माझं कामच कागदपत्रं सांभाळण्याचं, त्यामुळे शिस्त अंगात भिनलेली. मूळ फाइल एकाच फोल्डरमध्ये, आणि ज्या त्या वर्गाच्या फोल्डरमध्ये तिचा फक्त शॉर्टकट. क्लिक केलं की तो मूळ फाइलपाशी नेऊन सोडतो, बस. पालकांनाही मी बजावलं होतं... कॉप्या करत बसू नका, शॉर्टकट आहे ना!

तर शनिवारी रेवा माझ्याजवळ आली. दहा वर्षांची आहे. तिच्या आबांना ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांची वाचा गेली आहे.

"मावशी, आबांचं लावशील?"

वर्गाच्या फोल्डरमध्ये आबांचं नाव दिसत होतं. क्लिक केलं... फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर क्लिक केलं, मग तिसऱ्यावर... चौतीसच्या चौतीस शॉर्टकट जागच्या जागी, आणि एकाच्याही मागे काही नाही.

"असू दे," रेवा डचमध्ये म्हणाली आणि गुपचूप दप्तर भरायला लागली. ओरडली असती, रडली असती, तर बरं वाटलं असतं मला.

मी तिथूनच केतनला फोन लावला. केतन मंडळाचा सेक्रेटरी, तिशीतला, स्वतः आयटीत.

"हां ताई, जूनमध्ये क्लीनअप मीच केला. जागा संपत आली होती ना. सेम नावं दोन-दोन ठिकाणी दिसली, म्हणून तुमच्या नावाचा जुना फोल्डर उडवला."

"अरे, मूळ फाइल्स त्यातच होत्या! बाकी सगळे शॉर्टकट होते."

"ओह... थांबा, रिसायकल बिन बघतो." बघितलं त्याने. मुदत संपून तीही आपोआप रिकामी झाली होती. मग म्हणाला, "जाऊ दे ना ताई, परत रेकॉर्ड करून घ्या. मुलांना तेवढीच प्रॅक्टिस!"

तेवढीच प्रॅक्टिस...

केतन वाईट मुलगा नाही. प्रत्येक कार्यक्रमाला सगळ्यात आधी येऊन खुर्च्या लावतो. पण ऑफिसच्या फ्रिजमधला कुणाचा तीन दिवसांचा डबा फेकायचा असेल तरी माणूस आधी ग्रुपवर विचारतो, "हा कुणाचा आहे?" इथे फोल्डरवर माझं नाव होतं, माझा नंबर त्याच्याकडे होता. एक मेसेज... एवढंसुद्धा सुचू नये?

कमिटीच्या ग्रुपवर लिहिलं. तीन अंगठे आले, एक जोडलेले हात आले. मग कुणीतरी लिहिलं, "वाईट झालं, पण आता दिवाळीच्या हॉलचं बघू या." मी फोन उलटा करून ठेवला.

रविवारी संध्याचा फोन आला. संध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली, आता घरून डबे करून देते. मागच्या वर्षी मी तिला अख्ख्या ग्रुपसमोर झापलं होतं, सगळं डाउनलोड करून ठेवते म्हणून.

"ताई, रागावू नका हं. मी तुमचं ऐकलंच नव्हतं. ते शॉर्टकट-बिर्टकट मला पटत नाही. चांगलं दिसलं की मी आपली उतरवून घेते."

तिच्या लेकाच्या वर्गाची अकरा रेकॉर्डिंग्ज तिच्याकडे होती. रेवा त्याच वर्गात... आबा सापडले! "शाळेत कधी मार खाल्लात का?" या प्रश्नावर खोकत खोकत हसणारे आबा.

मी लगेच रेवाच्या घरी गेले. तिने हेडफोन लावून तीनदा ऐकलं, आणि लॅपटॉप परत द्यायलाच तयार होईना. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती बघत होती.

घरी आल्यावर मात्र स्वतःचाही राग आला. कॉप्या करू नका, हा नियम माझा. चौतीस वाटा नीट आखल्या मी, पण एक प्रत दुसरीकडे ठेवायची अक्कल मला नव्हती. जे वाचलं, ते माझं न ऐकणाऱ्या बाईमुळे वाचलं. संध्या, तुझी माफी मी फोनवर मागितली, ग्रुपवरही मागितली, आता इथेही मागते.

पण तेवीस रेकॉर्डिंग्ज गेली ती गेलीच. त्यातल्या दोन आज्या आता नाहीत. त्या मुलांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

केतन, तू ही पोस्ट वाचशील. येत्या शनिवारी दहा वाजता वर्गात ये आणि त्या मुलांना तुझ्या तोंडाने सांग, काय गेलं आणि कसं गेलं. मी शेजारी उभी राहीन, माझी चूक मी सांगेन. तू नाही म्हणशील, माहीत आहे मला... तरी विचारते. येशील?