पॅरिस ते रोम, दोन तास

साठच्या दशकात मी दुबईत, खाडीकाठच्या एका तिकीट एजंटाकडे क्लार्क होतो. विमानांच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक मला तोंडपाठ. साहेब गंमत म्हणून विचारायचा, "पॅरिस टू रोम?" मी मान वर न करता सांगायचो, "सातशे मैलांच्या आत, दोन तास." दोन्ही शहरं फक्त कॅलेंडरवर पाहिलेली, पण ऐट अशी की जणू विमान मीच हाकतो.

एका जुलैत घरून तार आली. "अब्बा सीरियस, लवकर ये." घर म्हणजे रत्नागिरीकडचं एका खाडीपलीकडचं गाव. ते काही त्या पुस्तकात नव्हतं. मुंबईचं विमान पंधरवडाभर भरलेलं. आगबोट गुरुवारी, ती पाच-सहा दिवसांनी मुंबईला लागणार. पावसाळ्यात कोकणची बोट बंद, म्हणजे पुढे एसटी, आणि शेवटी होडीवाला तयार झाला तर घर. तीनदा आकडे मांडले. दहा दिवसांच्या खाली येईनात.

मधेच एक मडम आली. पॅरिसहून रोमला सकाळी निघावं की दुपारी, जेवण कधीच्या विमानात बरं मिळतं? मी हसून सगळं सांगितलं. ते पुस्तक उचलून खाडीत भिरकावावं इतका राग आला होता. पण नोकरी होती, नाही भिरकावलं.

संध्याकाळी तार घेऊन चाचांकडे गेलो. चाचा आमच्याच गावचे, इथे एका वखारीत स्टोअरकीपर. त्यांनी तार वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"गुरुवारच्या बोटीत सीट मिळेल, इन्शाल्ला," मी म्हणालो. "अब्बा तोवर थांबतील ना?"

"बेटा, आपल्या गावात कुणी बीमार पडलं तर चिठ्ठी येते. तारऑफिस खाडीपार. भर पावसात होडी घालून कोण तार करायला जातो?"

मी तार पुन्हा हातात घेतली.

"माझ्या भाईबद्दलची तार तुझ्या ऑफिसात आली, ती तूच वाचून दाखवलीस ना? सीरियस म्हणालास आणि आधी मला खुर्ची दिलीस. तुला मालूम होतं."

होतं. परमुलखात माणूस एकटा कोसळू नये म्हणून आमच्याकडे तारेत 'गेले' असं लिहीतच नाहीत. दफन उरकतात, मग तार करतात, आणि तारेत सीरियस लिहितात. गाववाल्यांच्या अशा कितीतरी तारा मी वाचून दाखवल्या होत्या आणि दर वेळी मला कळलं होतं. स्वतःची मात्र शब्दाला शब्द खरी धरली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"म्हणजे खलास?" मी विचारलं.

चाचांनी नुसता माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेनंतर गावच्या आठ-दहा जणांनी गायबाना जनाजाची नमाज पढली, मय्यत समोर नसताना पढतात ती. मी पहिल्या ओळीत होतो. तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे, मावळतीला. रत्नागिरी उगवतीला. ज्यांच्याजवळ पोचायला आदला अख्खा दिवस आकडेमोड केली, त्या अब्बांकडे पाठ करूनच मला त्यांचा निरोप घ्यावा लागला.