कुलूप लावलेली घरे

नव्वदच्या दशकात, पीएच.डी.साठी मी जामखेड तालुक्यातल्या एका गावात पाहणी करत होतो. किती मुले वर्षभर शाळेत टिकतात, एवढाच माझा प्रश्न होता. ग्रामपंचायतीची घरांची यादी घेतली, चिठ्ठी टाकून पहिले घर काढले आणि तिथून प्रत्येक पाचवे घर निवडले. पद्धतीत दोष नव्हता. दोष माझ्यात होता. दिवाळी सरली होती आणि निवडलेल्या बऱ्याच दारांना कुलूप होते. अशा वेळी मी त्या घराऐवजी शेजारच्या घराची माहिती घेत असे. तेवढी ओळ भरून निघे आणि परतीची एस.टी. चुकत नसे.

अशाच एका शेजारच्या ओट्यावर एक वृद्ध शेतकरी शेंगा फोडत बसले होते. मी वही उघडताच त्यांनीच विचारले, "मास्तर, कागदावर माझं घर हाय का?"

"नाही आजोबा, पलीकडचं आहे. पण तिथं कुणी नाही, म्हणून तुमच्या घरचं लिहून घेतो."

"कसं आसंल? उसाला गेलीत पुनतांब्याकडं, लेकराबाळांसकट. आन् त्यांच्या पोरांच्या जागी तुमी आमचं लिवताय व्हय? माझा नातू रोज जातो. आसंच इचारत गेलात तर समदं गाव शिकलेलं निघंल."

"मामा, गप बसा की," आतून सून म्हणाली. "सायेब हायेत ते."

"आगं, सायबानं चुकू नये आसं कुटं हाय?"

मी हसलो आणि त्यांच्याच नातवाची माहिती लिहून घेतली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

एस.टी.त वही चाळली. बदली घेतलेल्या घरांपुढे मी फुली केली होती. फुलीच्या बहुतेक घरांतली मुले नियमित शाळेत जात होती. ज्यांची शाळा सुटत होती, नेमकी तीच घरे मी माझ्या सोयीसाठी गाळली होती.

मार्गदर्शकांना सगळे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "तळटीप द्या आणि पुढे चला. प्रबंध याच वर्षी आला नाही, तर महाविद्यालयातली ती प्राध्यापकाची जागा दुसऱ्याला मिळेल."

ती जागा मला हवी होती. दोन दिवस मी तळटीप लिहीत आणि खोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी गावात जाऊन ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांची नावे विचारून घेतली आणि पुणतांब्याची वाट धरली.

उसाच्या फडाजवळ तोडकऱ्यांच्या एका झोपडीवजा कोपीपुढे पाचटाची राख अजून गरम होती. तिथल्या बाईने माझे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, "आमच्या दाराला कुलूप, म्हनून तुमी हितवर आलात?"

"हो. तुमचं घर यादीत आलंय."

ती नवऱ्याकडे वळली. "आवो, आयकलं का? आपलं घर यादीत हाय म्हनं." मग पदराने हात पुसून तिने माझ्यासाठी पोते अंथरले आणि तिन्ही मुलांची नावे, वये, सुटलेल्या इयत्ता सावकाश सांगितल्या.

असे मी फडामागून फड हिंडलो. प्रबंध वर्षभर उशिरा झाला, जागा गेली. निष्कर्ष मात्र पूर्ण फिरला, आणि माझी चूक मी पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहिली. आयुष्यात मोजकीच कामे मी ताठ मानेने सांगू शकतो. हे त्यांपैकी एक आहे. दोन कुटुंबे मला अखेरपर्यंत सापडली नाहीत. त्यांच्यापुढे 'भेट झाली नाही' एवढेच लिहिले आणि त्या दोन्ही ओळी पुढे रिकाम्याच ठेवल्या.