पाठीने तपासलेला हौदा

वडिलांच्या केळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा हौदा सडला, तेव्हा धुळ्याकडच्या एका म्हाताऱ्या सुताराने तो सागवानी फळ्यांचा नवा करून दिला. रंधा मारून, घासून झाल्यावर मी म्हटलं, "आबा, आता तेल पाजा. आरसा झालाय नुसता!"

त्यांनी सदरा काढला. हौद्यात उघड्या पाठीवर झोपले आणि इकडून तिकडे सरकत राहिले. एका जागी थांबले. पाठीवर बारीक ओरखडा उठला होता. तेवढी जागा त्यांनी पुन्हा घासली.

"केळीनी साल मन्ही पाठपेक्षा नाजूक शे, भाऊ," म्हणाले.

फळाच्या जागी स्वतः झोपून बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नाव विचारायचं राहिलंच.

परवा हौद्याची एक फळी मी स्वतः बदलली. तेलाचा डबा उघडण्याआधी शर्ट काढला.