समीर भित्रा न्हाई, वेळ काढायला मी सांगितलं

मित्रांनो, दुपारपासून ग्रुपवर समीरला शिव्या चालू हायत, म्हणून हे लिहून राहिलो.

आज उदगीरला कॉलेज कबड्डीची फायनल आपण एका गुणानं हरलो. दुष्काळामुळं यंदा मैदानावर पाणी मारलंच न्हाई, माती नुसती खडखडीत. उदगीर जिल्हा झाला की मॅट मिळंल म्हणतेत. तवर हीच माती.

शेवटचं मिनिट होतं, आपण एका गुणानं पुढं. चढाई समीरची. तो म्हणला, "दादा, त्यांचा कोपऱ्यातला गडी लई थकलाय, मारून येतो."

मी म्हणलो, "न्हाई, नुसता वेळ काढून ये."

त्यानं ऐकलं, रिकामा परतला. पुढच्याच चढाईत त्यांच्या गड्यानं आपले दोघं बाद केले अन् शेवटची शिट्टी वाजली.

आता टपरीवर सगळे म्हणतेत, समीरमध्ये दम न्हाई. अरे, कॅप्टन मी हाय, निर्णय माझा होता! माझ्या जागी तुम्ही काय सांगितलं असतं? खाली लिहा.

अन् ज्याला अजूनही समीर भित्रा वाटतो, त्यानं उद्या सकाळी त्याच कोरड्या मैदानावर यावं, एक चढाई करून दाखवावी. पकडायला मी उभा हाय.