कारळ्याची चटणी

कोयनानगरच्या शाळेत मी रुजू झाले त्याच आठवड्यात गणिताच्या एक मॅडम आल्या. त्या केरळच्या, नवऱ्याची नोकरी प्रकल्पावर. मी तासगावकडची. मधल्या सुट्टीत बाकीचे घरी जेवायला जात, शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच उरायचो. त्यांच्या डब्यात जाडा तांबूस भात, ताकाची पिवळी कढी, खोबरं घातलेली एखादी भाजी. माझ्याकडे भाकरी, आख्खा मसूर, नाहीतर झुणका. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून मोडक्या हिंदीत आम्ही बहुतेक खाण्याबद्दलच बोलायचो.

एका सोमवारी मी आईनं दिलेली कारळ्याची चटणी नेली. ती काळी पूड बघून त्या हसल्या.

"ये क्या, कोयला?"

"खाके तो देखो," मी म्हणाले. चटणीवर तेल सोडलं, भाकरीचा तुकडा त्यात घोळवून त्यांच्या हातात ठेवला. आवडली. दोनदा मागून घेतली.

डबे धुऊन आलो, तर त्या मान खाजवत होत्या. मग ओठ जड झाल्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं, तिखट लागलं असेल. पाणी दिलं, ते त्यांना नीट गिळता येईना. "गले में..." एवढंच म्हणाल्या, आणि तो आवाज त्यांचा नव्हताच.

कॉलनीतले डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. मी पळत बाहेर गेले. शाळेच्या जीपचे ड्रायव्हरमामा झाडाखाली जेवत होते. हातातला घास टाकून ते उठले.

"आवं बाई, मागं बसा त्यांच्यासंगं. सरळ धरा, आडवं पडू दिऊ नका. पाटणला न्हेतो."

मॅडमची मुलगी आमच्याच शाळेत पहिलीत होती. तिला काही न सांगता आम्ही निघालो, हे मला पहिल्या वळणावर आठवलं. रस्ता नदीच्या कडेनं वळत जातो. प्रत्येक वळणाला मॅडमचं डोकं माझ्या खांद्यावर आदळत होतं आणि श्वासातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज थांबला की मी त्यांचा खांदा हलवायचे. तो पुन्हा सुरू झाला की त्याचीही भीती वाटायची.

"मामा, अजून किती?"

"आलंच. तुमी बोलत ऱ्हावा त्यांच्याशी."

काय बोलणार? मी चटणीत काय काय होतं तेच पुन्हा पुन्हा पुटपुटत होते. कारळं, लसूण, मिरची, मीठ. आई वर्षानुवर्षं करते. कधी कुणाला काही झालं नाही. मग यांनाच का? आणि यांचं काही बरंवाईट झालं, तर माझ्या हातानं झालं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बघितल्याबरोबर इंजेक्शन दिलं. "काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.  माझ्याआधी मामांनीच सांगितलं, "कारळ्याची चटणी, सायेब." अर्ध्या तासानं ती शिट्टी थांबली. कारळ्याची ॲलर्जी होती; तिळापासूनही जपा, असं डॉक्टर म्हणाले. मॅडमनी आयुष्यात कारळं खाल्लंच नव्हतं, तर कळणार कुठून?

मामांनी शाळेत आणि प्रकल्पावर फोन केला होता; मॅडमचे यजमान धावत आले. "क्या खाया उसने?"

"मैंने दिया," मी म्हणाले.

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि आत गेले. तो क्षण मला त्या सगळ्या रस्त्यापेक्षा जड गेला.

घरी येऊन आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लय भ्यालीस व्हय गं?" तेव्हा कुठं मला रडू आलं.

पुढचे काही दिवस मी प्रयोगशाळेत एकटीच जेवले. मॅडम आठवड्यानं आल्या, आणि पहिल्याच सुट्टीत मला शोधत तिथं पोचल्या. समोर बसल्या.

"डब्बा खोलो."

मी झाकण काढेना, तेव्हा त्यांनीच काढलं. एकेका पदार्थावर बोट ठेवून, यात काय, त्यात काय, असं विचारलं. मी सांगत गेले. "तीळ? कारळा?" नाही, नाही. मग त्यांनी भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, मसुरात बुडवला आणि तोंडात टाकला.

घंटा होईपर्यंत माझ्याकडून एक घास खाल्ला गेला नाही. मी त्यांच्या गळ्याकडेच बघत बसले होते.