सगळ्या सर्व्हरना एकच वेळ

"विनार्तीनं तिकिटांचा घोळ केला" असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अरे, काय माहीत आहे तुम्हाला? सुराबायाच्या आमच्या कंपनीत बोटींच्या तिकिटांचे शेकडो सर्व्हर विनार्तीताई सांभाळायच्या. प्रत्येक सर्व्हर ठरल्या वेळी मुख्य मशीनकडून नवी सेटिंग आपोआप उचलायचा. मशीनवर झुंबड नको म्हणून ताईंनी प्रत्येकाला वेगळी वेळ वाटून दिली होती. वर्षानुवर्षं कुठे खुट्ट झालं नाही.

मग नवे साहेब आले, पाक सुबेक्ती. आमच्याकडे साहेबांना 'पाक' म्हणतात. त्यांना पडद्यावर सगळ्या सर्व्हरचे दिवे एकदम हिरवे झालेले बघायचे होते. रमजानात फर्मान सुटलं, "रोजा सोडायच्या वेळी सगळे एकदम चालव. तेव्हा अख्खं गाव जेवत असतं."

"पाक, खजूर तोंडात टाकला की लोक आधी फोन हातात घेतात," ताई म्हणाल्या. "ईदला गावी जायची तिकिटं तेव्हाच काढतात. आणि सगळे सर्व्हर एकदम तुटून पडले तर मशीन बसेल."

"साहेब कोण? तू की मी?"

झालं! अजान झाली, सगळे सर्व्हर एकदम धावले आणि मशीन बसलं. निम्म्यांत नवी सेटिंग, निम्म्यांत जुनी. तिकीटविक्री ठप्प. बंदरावर लोक पोरंबाळं घेऊन रडत होते. आणि या गृहस्थानं वर काय कळवावं? "विनार्तीची चूक." जनाची नाही, मनाची तरी! ताईंचं कंत्राट संपत आलं होतं, आणि ते वाढवणं यांच्याच हातात.

ईदनंतर ऑफिसात माफीचा मेळावा होतो. रांगेनं एकेकाचा हात हातात घ्यायचा, धाकट्यानं माफी मागायची, मग थोरल्यानंही मागायची. ताई पुढे गेल्या तसे पाक सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "ये विनार्ती. मी तुला माफ केलं हो. कंत्राटाचंही बघू."

ताईंनी त्यांचा हात घेतला, रीतीची माफी मागितली. पण हात सोडला नाही. "आता तुमची पाळी, पाक."

"चल चल, रांग अडलीय."

"अडू दे. म्हणा ना. एवढंसं तर वाक्य आहे."

पाक लालबुंद झाले आणि हात ओढून घ्यायला लागले. ताईंनी हात सोडला, पर्स उचलली आणि निघून गेल्या. नोकरी गेली, हे त्यांनाही कळत होतं.

त्यांच्यामागे मी होते. पाकनी हात माझ्यापुढे केला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "आधी ताईंची माफी मागा," म्हटलं. माझ्यामागचं कोणीही पुढे सरकलं नाही.